गर्दीत गाडी घालून केलेला हल्ला: सरकारने काम नीट केलं का, हे कशावरून ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: १ जानेवारी २०२५ च्या पहाटे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या बर्बन स्ट्रीटवर एका माणसाने पिकअप ट्रक गर्दीत घातला. सकाळच्या पत्रकार परिषदेत महापौर म्हणाल्या, हा दहशतवादी हल्ला आहे. आणि तिथेच एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या अधिकारी म्हणाल्या, हा दहशतवादी हल्ला नाही. असं कसं होतं? आणि अशा घटनेनंतर सरकारने आपलं काम केलं की नाही, हे सामान्य माणसाने कसं ठरवायचं?

मी बावीस वर्षं आपत्कालीन नियोजनात काम केलं. मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमांचे नकाशे, रुग्णवाहिकांच्या वाटा, नातलगांसाठीचे मदतकक्ष हेच माझं रोजचं काम होतं. या अनुभवातून सांगतो, पत्रकार परिषदेवरून सरकारचं काम ओळखता येत नाही. अशा प्रत्येक घटनेच्या मागे-पुढे दोन कागद असतात. एक हल्ल्याच्या आधी कुणीतरी लिहिलेला असतो, "इथे गाडी आत येऊ शकते" असं सांगणारा. दुसरा हल्ल्यानंतर मृताच्या घरी पोचतो. मी आधी हे दोन कागद शोधतो. हल्लेखोरांची नावं मी खाली कुठेच लिहिलेली नाहीत. या उत्तराला त्यांची गरज नाही.

आधी तुमचा पहिला प्रश्न. गाडी, जखमी, पळणारी माणसं हे सगळं डोळ्यांना दिसतं. "दहशतवाद" हा शब्द मात्र हेतूबद्दल आहे, आणि हेतू रस्त्यावर पडलेला नसतो. अनेक देशांच्या कायद्यात राजकीय, धार्मिक किंवा वैचारिक हेतूने लोकांना किंवा सरकारला धाक घालायचा उद्देश होता हे दाखवावं लागतं. त्या सकाळी महापौर रस्त्याकडे बघून बोलत होत्या आणि तपास अधिकारी पुराव्याकडे बघून. दोघींपुढचे प्रश्नच वेगळे होते. तरीही जे झालं ते चूकच होतं, कारण एकत्र उभं राहण्याआधी कोण काय बोलणार हे ठरलेलं नव्हतं. काही तासांत एफबीआयने दहशतवाद म्हणून तपास सुरू केल्याचं सांगितलं. मग त्यांचंच म्हणणं आलं की हल्लेखोर एकटा नसावा. आणि दुसऱ्या दिवशी, तो एकटाच होता असं. दोन दिवसांत दोनदा शब्द फिरवावा लागला.

उशिरा बोलल्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. घाईने "नाही" म्हणणं मात्र धोक्याचं, कारण त्या "नाही"वर विसंबून माणसं घराबाहेर पडतात. आमच्या कामात पहिल्या निवेदनाला तीनच भाग असतात: आत्ता नक्की काय माहीत आहे, काय अजून माहीत नाही, आणि लोकांनी या घडीला काय करायचं. शेवटी पुढचं निवेदन किती वाजता येणार ते सांगायचं, आणि सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी त्या वेळेला हजर राहायचं. ऐकायला सोपं वाटतं. सरावात मी मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं बघितली आहेत. "हे आम्हाला अजून माहीत नाही" हे एवढं वाक्य त्यांच्या तोंडून निघत नाही, ती पाच मिनिटं भोवती फिरत राहतात.

बर्लिनचं उदाहरण यात सगळ्यात शिकण्यासारखं. १९ डिसेंबर २०१६ ला ब्राइटशाइडप्लाट्झच्या नाताळ बाजारात ट्रक घुसला. त्या रात्री पोलिसांनी एका आश्रयार्थी तरुणाला पकडलं आणि जगभर बातमी गेली की हल्लेखोर सापडला. दुसऱ्या दिवशी शहराचे पोलीसप्रमुख क्लाउस कांट यांनी जाहीरपणे सांगितलं की हा तो माणूस नसण्याची शक्यता आहे, लोकांनी सावध राहावं. तरुण सुटला, खरा हल्लेखोर मोकळा होता आणि २३ डिसेंबरला मिलानजवळ पोलिसांच्या गोळीने मेला. कांट यांच्या त्या वाक्याला मी फार मोल देतो. स्वतःच्याच पोलिसांनी केलेली अटक चुकीची असू शकते हे चोवीस तासांच्या आत कबूल करणं सोपं नसतं, आणि ते न केलं तर शहर निर्धास्त झोपतं.

नाव काय द्यायचं याला कधी आठ मिनिटं लागतात, कधी जवळपास तीन वर्षं. जून २०१७ मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कजवळ रात्रीच्या नमाजानंतर रस्त्यावर असलेल्या लोकांवर व्हॅन घातली गेली, तेव्हा पोलिसांनी आठ मिनिटांत ही दहशतवादी घटना असू शकते असं जाहीर केल्याचं पंतप्रधान थेरेसा मे यांनी सांगितलं. त्याला महत्त्व होतं. मुसलमान हल्लेखोर असला की दहशतवाद आणि मुसलमान बळी असले की माथेफिरू, हा संशय त्या वस्तीत आधीपासून होता. याउलट कॅनडाच्या लंडन शहरात ६ जून २०२१ ला एका मुस्लिम कुटुंबावर गाडी घातली गेली, त्यात चौघांचा जीव गेला. हा दहशतवाद होता असं न्यायाधीशांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं. टोरोंटोत २३ एप्रिल २०१८ ला यंग स्ट्रीटवर व्हॅनने माणसं मारणाऱ्यावर दहशतवादाचा आरोपच ठेवला गेला नाही. २०२१ मध्ये तो दहा खुनांत आणि खुनाच्या सोळा प्रयत्नांत दोषी ठरला, आणि न्यायाधीश ॲन मॉलॉय यांनी निकालात त्याचं नाव न घेता "जॉन डो", म्हणजे कुणी एक अनामिक माणूस, असं म्हटलं. मेलेल्याच्या घरी फरक पडत नाही. पण भरपाई कोणत्या खात्यातून मिळणार, तपास कुणाकडे जाणार, हे सगळं त्या शब्दावर अवलंबून असतं. त्याकडे पुढे येतो.

आता दुसरा प्रश्न, आणि खरा विषय. १४ जुलै २०१६ ला फ्रान्समधल्या नीसच्या प्रोमनाद दे झांग्ले या रस्त्यावर आतषबाजी बघून परतणाऱ्या लोकांत १९ टनांचा ट्रक घुसला. तो दोनेक किलोमीटर गेला. ८६ माणसं मेली, त्यांत १५ लहान आणि किशोरवयीन मुलं. पुढच्या मार्चमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावर गाडी पदपथावर चढल्यापासून हल्लेखोराला गोळी लागेपर्यंत ८२ सेकंद गेले. पाच जणांचा जीव गेला. ३ जून २०१७ ला लंडन ब्रिजवर पहिल्या फोननंतर आठ मिनिटांत पोलिसांनी तिघा हल्लेखोरांना गोळ्या घातल्या. यापेक्षा लवकर पोचणं जवळजवळ अशक्य आहे, आणि तरी आठ माणसं गेली.

हे आकडे समोर ठेवले की कळतं, गाडी सुरू झाल्यावर जे करायचं ते करायला वेळच नसतो. जे करायचं ते महिनोन्‌महिने आधी, रस्त्यावर, खड्डा खणून आणि लोखंड पुरून करायचं असतं. सरकारचा प्रतिसाद म्हणून आपण सायरन आणि भाषणं बघतो. मी पदपथाची कड बघतो.

इथे थोडं भौतिकशास्त्र लागतं. गाडीची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. तीच गाडी ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटरने आली तर थांबवायला चौपट ताकद लागते. म्हणून चांगला नियोजक आधी खांब मागत नाही, तो वळण मागतो. सरळ लांब रस्ता गर्दीकडे थेट येत असेल तर तो नागमोडी करा, गाडीला वेग घ्यायला जागाच ठेवू नका. मग साधा अडथळाही पुरतो. वळण शक्य नसेल तिथे बोलार्ड, म्हणजे गाडी अडवणारे मजबूत खांब. ते जमिनीत खोल रोवलेले हवेत, आणि दोन खांबांमधलं मोकळं अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त नको. तेवढ्यातून चाकाची खुर्ची जाते, गाडी जात नाही. अशा अडथळ्यांच्या धडक-चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, २०२३ पासून आयएसओ २२३४३. त्यात किती वजनाची गाडी, किती वेगाने, कोणत्या कोनात आली आणि अडथळ्यापलीकडे किती मीटर घुसली हे लिहिलेलं असतं. "आम्ही बोलार्ड बसवले" असं कुणी म्हणालं तर मी विचारतो, कोणत्या वेगाला तपासलेले? या प्रश्नावर पुष्कळ बैठकांत शांतता पसरलेली मी अनुभवली आहे.

नुसते रस्त्यावर ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे बघून लोकांना धीर येतो. ते जमिनीला किंवा एकमेकांना बांधलेले नसतील तर जड ट्रकच्या धडकेने घसरत जातात आणि वाटेतल्या माणसांवरच येतात. स्टॉकहोमच्या द्रॉत्निंगगातान या पादचारी रस्त्यावर काँक्रीटचे सिंह होते. ७ एप्रिल २०१७ ला चोरलेला ट्रक त्याच रस्त्यावरून आत गेला, पाच जण मेले. नंतर तिथे जास्त जड सिंह आणले.

आणि मग येते या कामातली सगळ्यात अवघड गाठ: अग्निशमनची गाडी आणि रुग्णवाहिका आत यायला वाट ठेवावीच लागते. २० डिसेंबर २०२४ ला जर्मनीतल्या मागडेबुर्गच्या नाताळ बाजारात गाडी याच वाटेने आत आली. सहा जणांचा मृत्यू झाला, तीनशेच्या आसपास जखमी झाले. ज्या मोकळ्या जागेने जीव वाचवायचे, तिथूनच मरण आलं. याला उपाय आहे, पण त्यात माणूस लागतो: वाटेवर आडवी उभी केलेली जड गाडी, आत बसलेला चालक, चावी लावलेली, आणि त्याला फक्त एकच काम. मी एका कार्यक्रमाच्या रात्री फेरी मारत असताना ती गाडी जागेवर दिसली आणि चालक नव्हता. पुढच्या तासात काही झालं नाही म्हणून ती चूक कुणाच्या लक्षात राहिली नाही. माझ्या राहिली. आत खरोखर कुठे आग लागली असती तर अग्निशमनला बाहेर थांबावं लागलं असतं, आणि तो चालक येण्याआधी कुणी ती गाडी ढकलून बाजूला केली असती तर वाट उघडी पडली असती.

आता पहिला कागद. बर्बन स्ट्रीटवर पूर्वी सरकते बोलार्ड होते. ते रुळांवरून हलायचे, आणि मार्दी ग्राच्या उत्सवात फेकलेल्या माळांचे मणी त्यात अडकून ते बंद पडायचे. २०१९ मध्ये एका सुरक्षा सल्लागार संस्थेने गाडीच्या हल्ल्याचा धोका आणि न चालणारे बोलार्ड यांबद्दल लेखी इशारा दिला होता. नवे बसवायचं काम सुरू होतं, फेब्रुवारीतल्या सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याआधी पूर्ण करायचं म्हणून. त्या रात्री तिथे आडवी पोलीस गाडी होती; ट्रक तिला वळसा घालून पदपथावरून आत गेला. चौदा निरपराध माणसं मेली. पोलीसप्रमुख ॲन किर्कपॅट्रिक यांनी सांगितलं की योजना होती, पण दहशतवाद्याने ती मोडून काढली. नंतर असंही कळलं की पदपथ अडवता येतील असे वाहून नेता येणारे अडथळे खात्याकडेच होते आणि किर्कपॅट्रिक यांना त्याचा पत्ता नव्हता. नव्या पोलीसप्रमुखाला गोदामात काय आहे ते माहीत नसणं हा एका व्यक्तीचा दोष मानून मी थांबत नाही. कागद लिहिणारा, वस्तू विकत घेणारा आणि बंदोबस्त लावणारा हे तिघं कधी एका टेबलाशी बसलेच नव्हते, असं मला त्यातून दिसतं.

लंडन ब्रिजवर हेच अधिक बोचतं. वेस्टमिन्स्टर पुलावरचा हल्ला आणि लंडन ब्रिजवरचा हल्ला यांत ७३ दिवस होते. पुलाच्या पदपथावर गाडी चढू शकते हे २२ मार्चला सगळ्या जगाने बघितलं होतं. तरी ३ जूनला लंडन ब्रिजच्या पदपथाला काहीच संरक्षण नव्हतं. हल्ल्यानंतर दोनच दिवसांत अडथळे उभे राहिले. म्हणजे सामान होतं, पैसे होते, माणसं होती. २०१९ च्या मृत्यूचौकशीत मुख्य कॉरोनर (मृत्यूंची चौकशी करणारे न्यायिक अधिकारी) मार्क लुक्राफ्ट यांनी या त्रुटीवर स्पष्ट बोट ठेवलं. अशा चौकशीनंतर पुढचे मृत्यू टाळण्यासाठी अधिकाऱ्यांना लेखी सूचना जातात आणि त्यांना मुदतीत उत्तर द्यावं लागतं. ही पद्धत मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिथे मृतांच्या नातलगांचे वकील अधिकाऱ्याला समोर उभं करून "तुम्हाला कधी कळलं?" असं विचारू शकतात.

कधी मदत अनपेक्षित ठिकाणाहून येते. बर्लिनचा ट्रक सत्तर-ऐंशी मीटरमध्ये थांबला, कारण त्याला आपोआप ब्रेक लागण्याची यंत्रणा होती. जड वाहनांना युरोपीय नियमाने ती सक्तीची झाली होती, महामार्गावरचे अपघात टाळावेत म्हणून. त्या रात्री तिने किती जीव वाचवले ते मोजता येणार नाही. नीसचे ते दोन किलोमीटर आठवले की एवढं पुरे होतं.

जखमींबद्दल. जोरात रक्त वाहत असेल तर माणसाच्या हातात मोजकी मिनिटं असतात. पण हल्लेखोर अजून आत असू शकतो म्हणून पोलीस तो भाग धोक्याचा ठरवतात आणि रुग्णवाहिका कडेला थांबतात. लंडन ब्रिजच्या पायथ्याशी, बरो मार्केटजवळच्या एका अंगणात हेच झालं: पोलीस आणि तिथे असलेले लोक छाती दाबत होते, आणि वैद्यकीय पथकं त्या अंगणात पोचली नाहीत. नियम चुकीचा होता असं नाही, पण तो बदलायचा अधिकार ज्याच्या हातात होता त्याला त्या अंगणाची माहितीच पोचली नाही. म्हणून पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांचे तिन्ही कमांडर एकाच जागी शेजारी उभे असले पाहिजेत, वायरलेसवर नव्हे. आणि गर्दीच्या ठिकाणी घट्ट बांधायचा पट्टा, रक्त थोपवणारी पट्टी असलेल्या पेट्या कुलपाशिवाय असल्या पाहिजेत.

धोक्याच्या सूचनेबद्दल थोडक्यात: नीसच्या रात्री फ्रान्सच्या सरकारी ॲपवरचा इशारा सुमारे तीन तासांनी आला. ते ॲप २०१८ मध्ये बंद केलं, आणि २०२२ पासून त्या भागातल्या प्रत्येक फोनवर थेट संदेश पाठवणारी पद्धत आली. बार्सिलोनात १७ ऑगस्ट २०१७ ला रांब्ला या रस्त्यावर गर्दीत व्हॅन घातली गेली, तेव्हा कातालोनियाच्या पोलिसांनी त्याच दिवसापासून कातालान, स्पॅनिश आणि इंग्रजीत सूचना दिल्या, कारण तिथे पर्यटक होते. ते बरोबर होतं.

आता दुसरा कागद, जो मृताच्या घरी पोचतो. हे लिहिताना मला आवाज चढवावासा वाटतो.

बर्लिनमध्ये काही कुटुंबांना आपलं माणूस गेलं हे तीन दिवसांपर्यंत निश्चित कळलं नव्हतं. ती रुग्णालयांतून फिरत राहिली. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या चर्चमध्ये नेत्यांच्या उपस्थितीत प्रार्थनासभा झाली, तेव्हा काहींचा शोध चालूच होता. ओळख पटवायला वेळ लागतो हे मी समजू शकतो. बोटांचे ठसे, दात किंवा डीएनए यांतल्या कशाने तरी खात्री झाल्याशिवाय नाव जाहीर करू नये, कारण चुकीच्या घरी चुकीची बातमी देणं याहून क्रूर काही नाही. पण "अजून निश्चित नाही, आणि मी तुम्हाला रात्री आठला पुन्हा फोन करेन" असं सांगायला डीएनए लागत नाही. त्याला प्रत्येक कुटुंबामागे एक नेमलेला माणूस लागतो, ज्याचा नंबर बदलत नाही.

तिथे नंतर काय पोचलं? मृत्यूच्या वैद्यकीय तपासणीचं बिल, मुदतीत न भरल्यास वसुलीच्या इशाऱ्यासह. ते पाठवणाऱ्या कारकुनाने मुद्दाम केलं नसेल. यादीतल्या नावांवर नेहमीचं पत्र छापून गेलं असेल. नेमकं हेच थांबवायला आपत्कालीन योजना असते. पीडितांसाठी नेमलेले प्रतिनिधी कुर्ट बेक यांनी डिसेंबर २०१७ च्या अहवालात हे सगळं मांडलं. त्याच महिन्यात बाराही मृतांच्या कुटुंबीयांनी चॅन्सेलर अँगेला मेर्केल यांना उघडं पत्र लिहिलं होतं की वर्ष होत आलं, तुम्ही आम्हाला भेटून किंवा लिहून साधं सांत्वनही केलं नाही. मेर्केल वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी त्यांना भेटल्या.

भरपाईचं वर म्हटलं होतं ते असं: गुन्ह्यातल्या पीडितांसाठीच्या जर्मन कायद्यातून मोटारगाडीने केलेला हल्ला वगळलेला होता. म्हणून ट्रकखाली आलेल्यांचं प्रकरण रस्ता-अपघातांसाठीच्या निधीकडे गेलं. आपला मुलगा दहशतवादी हल्ल्यात मेला आणि कागदावर तो अपघात, याची कल्पना करा. जवळच्या नातलगांसाठीची रक्कम १०,००० युरोवरून नंतर ३०,००० युरो केली. फ्रान्समध्ये १९८६ पासून दहशतवादाच्या पीडितांसाठी स्वतंत्र हमी निधी आहे. मालमत्तेच्या विम्यावरच्या छोट्या वर्गणीतून तो भरतो, त्यामुळे हल्ला झाल्यावर पैशाची शोधाशोध करावी लागत नाही. पण फ्रान्सलाही सगळं साधलेलं नाही. शवविच्छेदनात अवयव काढून ठेवले होते हे नीसच्या काही पालकांना फार उशिरा कळलं, आणि २०२२ च्या खटल्यात त्यांनी ते न्यायालयापुढे सांगितलं. तपासासाठी ते आवश्यक असेलही. आईबापांना आधी सांगायला काय हरकत होती, याचं समाधानकारक उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी आली तर आठवडाभर थांबा आणि मग तीन गोष्टी शोधा. त्या जागेबद्दल आधी कुणी लेखी इशारा दिला होता का, आणि तो कोणत्या टेबलावर थांबला. वाटेवर नेमलेला माणूस जागेवर होता का. आणि मृतांच्या घरी सरकारकडून पहिलं कोण गेलं, की पहिलं पत्रच गेलं.

मृतांचा आकडाही कधी पक्का धरू नका. बर्लिनच्या बाजारात जखमींना मदत करायला धावलेल्या एका माणसाच्या डोक्याला जबर मार बसला. त्याची पुढची जवळपास पाच वर्षं घरच्यांच्या शुश्रूषेत गेली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तो गेला. तो तेरावा बळी मानला जातो. त्याच महिन्यात टोरोंटोच्या हल्ल्यात जखमी झालेली एक बाई साडेतीन वर्षं रुग्णालयात काढून गेली, ती अकरावी. तोपर्यंत दोन्ही शहरांतले कॅमेरे कधीच उठले होते.